फुफ्फुसांना पाणी एक दिवसाआड

दह्याचा पाऊण किलोचा डबा. रिकामा, धुतलेला. बुडाला खिळ्यानं पाडलेली पाच भोकं.

*

टोरंटोच्या महापालिका कामगारांचा संप २२ जून २००९ ला सुरू झाला. वार सोमवार.

*

"भुरी आधी पानाच्या वरच्या अंगाला येते. राखेचं बोट पुसल्यासारखी. दिसली की हात थांबवायचा नाही." – अक्षराचे वडील, द्राक्षबागेत, दर थंडीत.

*

कट्टीला करंगळी. बट्टीला दोन बोटं.

*

"फुफ्फुसांना पाणी एक दिवसाआड. उन्हाची तिरीप आली की माना टाकतात, घाबरू नकोस, संध्याकाळी उठतात. बाकी काही करू नकोस." – फ्रिजवरची चिठ्ठी. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा.

*

चिठ्ठी मृणालिनी काकूंची. काकू म्हणजे नॉर्थ यॉर्कमधल्या एका विटकरी घराच्या मालकीण. छातीच्या डॉक्टर, आता रिटायर्ड. अक्षरा मार्चपासून त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होती. मे महिन्यात काकू मुलीच्या, म्हणजे ऊर्मीच्या बाळंतपणासाठी एडमंटनला गेल्या आणि जाताना घर, टपाल आणि फुफ्फुसं अक्षराच्या हवाली करून गेल्या.

चिठ्ठी पहिल्यांदा वाचली तेव्हा अक्षराला वाटलं, काकूंचं लिहिताना काहीतरी चुकलंय. मग मागच्या अंगणात मातीत खोचलेली पाटी दिसली. लंगवर्ट. लंग म्हणजे फुफ्फुस. वर्ट म्हणजे... तिनं मनातल्या मनात भाषांतर केलं... चामखीळ. फुफ्फुसावरची चामखीळ! असल्या नावाचं झाड कुणी हौसेनं लावतं?

पण लावलं होतं. काकूंचे यजमान, रवींद्र काका, यांनी. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. मागचं अंगण उत्तरेकडचं, वर अवाढव्य मेपल. तिथं गवतानं केव्हाच हात टेकलेले. त्या सावलीत एवढीच काय ती हिरवाई होती. गुडघ्याच्याही खाली, केसाळ पानांची, दाटीवाटीनं बसलेली. काकू रोज सकाळी तिथं उभ्या राहून चहा प्यायच्या. बोलायच्या नाहीत. नुसत्या उभ्या.

म्हणजे काय सोपवलंय, हे अक्षराला पक्कं कळलं होतं.

*

अक्षरा मुळात संशयी नव्हती. तिला तसं कॅनडानं केलं. इंटरनेटवर ठरवलेली पहिली खोली. उणे वीसच्या खाली गेलेल्या थंडीत दोन बॅगा घेऊन पोचली तर तिथं दुसरंच बिऱ्हाड भात खात बसलेलं. दुसरं बेसमेंट; मालक म्हणाला, दोन वर्षं आरामात राहा. चार महिन्यांनी ती ऑफिसातून परतली तर समोरच्या हिरवळीत बोर्ड: फॉर सेल.

म्हणून काकूंना तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "घर विकणार तर नाही ना?"

"विकायचं झालं," काकू म्हणाल्या होत्या, "तर बोर्ड लागायच्या आधी तुला समोर बसवून सांगेन. झालं समाधान?"

झालं होतं. बऱ्यापैकी.

उरलेला संशय नोकरीनं शिकवला. ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट कुठं आहे, हे शोधायचं. सवयच लागली; घरीसुद्धा एक वही असायची.

*

६ जून, शनिवार, सकाळचे दहा. अक्षरा चहाचा मग घेऊन बेसमेंटच्या पायऱ्या चढून मागच्या अंगणात आली आणि थबकली.

मेपलखाली एक पाठ होती. निळा शर्ट, मातीचे गुडघे. पाठ शांतपणे खणत होती.

"हा मेला कोण?" ती पुटपुटली.

"मेलो नाहीये अजून," पाठ म्हणाली. "पण पाणी मिळालं तर बरं होईल. गरम होतंय."

मग पाठ वळली, आणि तिला एक चेहरा होता... वाईट नव्हता, हे अक्षरानं नोंदवलं, आणि लगेच त्याबद्दल स्वतःवर चिडली.

"तुम्ही कोण? आत कसे आलात?"

"गेटमधून. तू अक्षरा ना? बेसमेंटवाली?"

तू! ओळख ना पाळख, आणि एकदम तू!

"मला नाव आहे हे बरोबर. ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काकूंनी. मी शौनक." त्यानं मातीचा हात पुढे केला, बघितला, मागे घेतला. "सॉरी हं, मला 'तुम्ही' फक्त काका-काकूंसाठी येतं. आठ वर्षांचा होतो नागपूरहून आलो तेव्हा. माझं मराठी तिसरीपर्यंतच आहे. आणि तू काही काकू दिसत नाहीस."

"त्या डब्यात काय आहे?"

त्यानं डब्याकडे पाहिलं. "दही लिहिलंय."

"ते मला वाचता येतं. आत काय आहे?"

"फुफ्फुस," तो गंभीरपणे म्हणाला.

आणि खरंच, मुळांसकट उपटलेला एक अख्खा ठोंब त्यानं अलगद डब्यात बसवला, वरून माती दाबली. जमिनीत वाटीएवढा खड्डा उरला.

"म्हणजे चोरी."

"चोरी करायची असती तर काकूंचा बार्बेक्यू नेला असता. काकूंना फोन कर ना. ईझिएस्ट वे."

तिनं तिथल्या तिथं एडमंटनला फोन लावला. तिकडे आठ वाजलेले. आधी बाळाचं रडणं आलं, मग काकूंचा आवाज. "शौनक? हो गं, तो येईल अधूनमधून. घरचाच आहे. चहा दे त्याला." मग किंचित थांबून, "काही सांगत नव्हता ना?"

"काय सांगेल?"

"काही नाही, काही नाही. ठेवते, बाळ उठलंय."

अक्षरानं फोन बंद केला. बाळ तर केव्हाचंच उठलेलं होतं.

शौनक ठोंबावरची शेवटची फुलं न्याहाळत होता. यंदा थंडी लांबल्यामुळे दोन-तीन उरली होती. एकाच देठावर एक गुलाबी, बाकीची निळी.

"बघ. उमलताना गुलाबी, मग निळी होतात. सेम फूल."

"रंग बदलणारं काही मला आवडत नाही."

"मधमाश्यांना आवडतं," तो म्हणाला. "त्या आधी गुलाबीकडे जातात. पण तू घाई करू नकोस."

*

वहीतून:

संशय क्र. १. अपेक्षित: काकूंच्या माणसानं झाडांची काळजी घ्यावी. प्रत्यक्ष: काकूंचा माणूस झाडं घेऊन जातो. कुठे, हे विचारल्यावर "बाल्कनीत" म्हणतो. का, हे विचारल्यावर चहाची तारीफ करतो.

संशय क्र. २. काकू थांबल्या. का थांबल्या?

संशय क्र. ३. डोळे तपकिरी. (हे इथं का लिहिलं? खोडणे.)

*

१३ जूनला पाऊस होता. बारीक, चिवट, दिवसभर पुरून उरेल असा. शौनक तरीही आला, पण खणलं नाही. मागच्या दाराच्या छपराखाली दोघं उभे राहिले. दोघांच्या मधे एक माणूस मावेल एवढं अंतर, आणि त्या अंतरात छपराची एक गळकी धार.

"आज काहीच नेणार नाही?"

"आज ओलं आहे."

"मग आलात कशाला?"

तो चहात पाहत राहिला. "पाणी घालायला."

अक्षरानं पावसाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. तो हसला नाही. कान मात्र लाल झाले.

त्या दिवशी तिनं त्याला फॉर सेलच्या बोर्डाची गोष्ट सांगितली, आणि तिला एवढं कळलं: तो रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे, हॉस्पिटलात लोकांना श्वास घ्यायला मदत करतो. "सोमवार ते शुक्रवार माणसांची फुफ्फुसं, शनिवारी ही." लहानपणी त्याला दमा होता. काकू त्याच्या डॉक्टर. तपासणी झाली की आई काकूंशी गप्पा मारायची आणि काका त्याला इथं आणून हातात झारी द्यायचे.

ऐकायला गोड होतं. फार गोड ऐकलं की अक्षरा खोट शोधायची. ठोंब का नेतो, हे अजूनही त्यानं सांगितलं नव्हतं.

*

२० जून. दुसरा ठोंब, दुसरा डबा. गेटपाशी पोचल्यावर तो वळला, मेपलखाली नजर टाकली आणि म्हणाला, "पानांवरचे डाग बघितलेस? यंदा खूप वाढलेत!"

म्हणाला, आणि चक्क हसत गेला.

डाग.

अक्षरा बागाइतदाराची मुलगी. दिंडोरीकडची. डाग म्हणजे काय, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. ती गेली, वाकली. आजवर उभ्यानं झारी ओतून परत येत होती. पानं अशी जवळून बघितलीच नव्हती. हिरव्या पानांवर पांढुरके, राखाडी चट्टे. वरच्याच अंगाला. जुन्या पानांवर कमी, नव्या मोठ्या पानांवर भरपूर. म्हणजे वाढतंय!

भुरी. वडिलांच्या द्राक्षांवर यायची तीच बुरशी.

आणि हा माणूस दोन शनिवार निरोगी ठोंब निवडून घेऊन चाललाय. बाकीची मरायला सोडून. वर हसतोय!

काकूंना विचारावं? त्यांच्या मांडीवर तीन आठवड्यांचं नातवंड. 'तुमच्या यजमानांची झाडं सडतायत' हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि वडील म्हणायचे, दिसली की हात थांबवायचा नाही. रोगट पान एक दिवससुद्धा झाडावर ठेवायचं नाही.

रविवारी सकाळी तिनं स्वयंपाकघरातली कात्री घेतली. बाकी काही करू नकोस, असं फ्रिज म्हणत होता. ती फ्रिजकडे न बघता बाहेर गेली. तीन तास कापत होती, एकेक पान, पार मातीपर्यंत. पानांची कुसं मनगटांना टोचत होती. संपलं तेव्हा मेपलखाली नुसती खुंटं उरली होती, घाईत हजामत केल्यासारखी. सगळी पानं कागदी पिशवीत कोंबली. मंगळवारी बागेचा कचरा न्यायला गाडी येणार होती. गेली की पुरावा संपला.

सोमवारी संप सुरू झाला.

*

संशय क्र. ७. अपेक्षित: पानं कापल्यावर रोग जावा. प्रत्यक्ष: झाडच गेल्यासारखं दिसतं. तीन दिवस झाले. पाणी रोज घालते आहे. काही हलत नाही.

संशय क्र. ८. मीच.

*

गुरुवारी काकूंचा फोन. "कशी आहेत गं माझी फुफ्फुसं?"

"बरी आहेत." आणि मग, पाय अडकून पडल्यासारखं, "पानं... कापलीयेत."

"कुणी?"

"शौनकनं. बहुतेक."

"अस्सं," काकू म्हणाल्या. पलीकडे बाळ रडलं आणि फोन बंद झाला.

बहुतेक! अक्षरा त्या शब्दाकडे कितीतरी वेळ बघत बसली. दोन मालकांनी तिला खोटं सांगितलं होतं, त्यातल्या कुणी 'बहुतेक' म्हणायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. तेवढाच काय तो तिच्यात आणि त्यांच्यात फरक.

*

२७ जूनला शौनक आला, खुंटांसमोर उकिडवा बसला आणि एकेक खुंट न्याहाळू लागला. अक्षराला ते असह्य झालं.

"ससे," ती म्हणाली.

"ससे?"

"खूप झालेत या भागात."

त्यानं एका देठाचं टोक बोटानं चाचपलं. सरळ, स्वच्छ कापलेलं. "कात्री घेऊन आले होते?"

"मी काय त्यांना बघत बसले होते?"

"नाही, ससे ही पानं खात नाहीत ना. केसाळ असतात. जिभेला टोचतात." तो उठला. "हाताला काय झालं?"

तिनं बाह्या खाली ओढल्या. मनगटं लालभडक झाली होती. "नवीन साबण."

"ओके," तो म्हणाला. एवढंच. ओके! मग एका खुंटाचा ठोंब खणून त्यानं डब्यात ठेवला; बिनडोक्याचं रोप, तरी असा जपून की जणू त्यात अजून जीव आहे.

आणि पुढच्या शनिवारी त्यानं मागच्या पायरीवर, काही न बोलता, मलमाची एक ट्यूब ठेवली.

"हे काय?"

"साबणासाठी."

तिनं ट्यूब उचलली नाही. उचलली तर कबूल केल्यासारखं होईल. तो पाण्याचा पाइप आणायला गॅरेजमध्ये गेला, आणि यायला जरा जास्तच वेळ लागला. ती पानांची पिशवी तिथंच होती. दोन आठवडे. जुलैच्या उकाड्यात.

"गॅरेजमध्ये वास येतोय," तो परत येऊन म्हणाला.

"संप आहे ना. सगळ्या शहरात वास येतोय."

"हं." त्यानं नळ सोडला. "लवकर मिटायला पाहिजे. नाहीतर ससे पकडले जातील."

याला कळलंय. सगळं कळलंय! मग बोलत का नाही? गप्प राहणारा माणूस काहीतरी साठवून ठेवत असतो. दुसऱ्या मालकानं चार महिने असंच गोड हसत साठवलं होतं.

"काही म्हणायचं असेल तर म्हणा एकदाचं."

"आहे ना," तो म्हणाला. तिच्याकडे बघितलं. पाइपचं पाणी बुटांवर पडत राहिलं, त्याला पत्ता नव्हता. "पण... सांगायची परमिशन नाहीये."

"कुणाची?"

"बघ," त्यानं एकदम विषय बदलला, "इकडे बघ."

मेपलखाली, एका खुंटाच्या पोटातून, मुठीएवढं काहीतरी वर येत होतं. घट्ट, कोवळं, मिटलेलं. तिथंच शेजारी आणखी एक. अक्षरा गुडघ्यांवर बसली. तिचे डोळे भरून आले आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून ती पानंच मोजत राहिली.

तो गेल्यावर तिनं ट्यूब उचलली.

*

९ जुलै, गुरुवार. काकूंचा फोन. आज बाळ झोपलेलं असावं, आवाज निवांत होता.

"शौनकनं वेळेवर कापली हं पानं. मी विचारलं त्याला. म्हणाला, हो काकू, मीच. फुलं संपली की दर वर्षी अशीच पार खाली घ्यायची असतात, म्हणजे नवी पानं ताजी येतात. काका करायचे, आता तो करतो. तू नवीन, तुला माहीत नाही, म्हणून म्हटलं होतं बाकी काही करू नकोस."

अक्षरा भिंतीला टेकली. "तो... मीच म्हणाला?"

"हो गं. का?"

"काही नाही."

"आणि घराचं त्यानं सांगितलंच असेल तुला एव्हाना."

"घराचं काय?"

मग काकू, खालच्या आवाजात, "म्हणजे नाही सांगितलं. शब्दाला पक्का आहे हो... अक्षरा, बाळा, हे मला समोर बसून सांगायचं होतं. ऊर्मी म्हणते, आता इथंच राहा. पुढच्या वसंतात विकायचं म्हणतेय. घर सुटेल माझ्याच्यानं. पण ह्यांची झाडं नाही सुटणार. म्हणून चार ठोंब काढायला सांगितलेत त्याला. ऑगस्टमध्ये तो गाडीनं इकडे आणून देणार आहे."

*

११ जुलै, शनिवार, सकाळचे दहा. शौनक गेट उघडून आत आला तर अक्षरा पायरीवर बसलेली. शेजारी ती कागदी पिशवी, तोंड उघडं. वास दोन घरं जाईल असा. तिनं उजव्या हाताची करंगळी वर केली.

त्याला ओळखायला क्षणभर लागलं. तिसरीतली गोष्ट. "कट्टी? मी काय केलं?"

"घर विकतायत हे तुम्हाला माहीत होतं."

त्यानं हातातला डबा खाली ठेवला. "हो."

"कधीपासून?"

"मे."

"पाच शनिवार माझ्या हातचा चहा प्यायलात! मी बोर्डाची गोष्ट सांगितली होती तुम्हाला. पावसात. इथंच उभी राहून."

"म्हणून तर." तो पायरीवर बसला, पिशवीच्या पलीकडे. "काकूंनी प्रॉमिस घेतलं होतं. म्हणाल्या, त्या मुलीला दोनदा बाहेरून कळलंय, या वेळी मी स्वतः सांगणार. तू तोंड उघडायचं नाहीस. मला दर वीक वाटायचं, सांगून टाकावं. मग वाटायचं, ऐकून तू लगेच दुसरं बेसमेंट शोधशील. मग मी कुणाच्या गेटमधून येणार?"

पिशवीवर माश्या घोंगावत होत्या. असल्या वासात कुणी कुणाला असलं काही सांगितलं नसेल.

अक्षरानं करंगळी खाली घेतली नाही. पण आता तिची पाळी होती, हे तिला माहीत होतं.

"ससे नव्हते," ती म्हणाली.

"माहितीये."

"साबणही नव्हता."

"माहितीये."

"आणि काकूंना मी तुमचं नाव सांगितलं. भीतीनं. मला खोटं बोलणाऱ्यांचा राग येतो, आणि मी सरळ तुमच्या नावावर ढकललं."

हे मात्र त्याला माहीत नव्हतं. वर मेपलमध्ये एक खार इकडून तिकडे गेली.

"ओह," तो अखेर म्हणाला. "म्हणून काकूंनी फोन केला. मला वाटलं, सहज विचारतायत. मी हो म्हटलं कारण... म्हणजे तुला ओरडा बसायला नको. आपण दोघांनी एकच खोटं सांगितलं? न ठरवता?"

"हसू नका. मी रडायच्या बेतात आहे."

"आणि मी तर तुला एक्स्पर्ट समजत होतो! इतकी क्लीन कापली होतीस. वाटलं, हिला सगळं येतं, नुसती लाजतेय."

"एक्स्पर्ट! मला वाटलं रोग पडलाय. तुम्हीच म्हणालात, डाग वाढलेत!"

"हो, मग? वाढले होते. चांगले डाग."

"चांगले डाग नसतात! डाग म्हणजे करपा, भुरी, सत्यानाश!"

शौनक तिच्याकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं. "या घरात असतात," तो म्हणाला. "मी आठ वर्षांचा होतो, काकूंनी एक्स-रे लाइटवर लावला आणि आईला म्हणाल्या, फुफ्फुसावर डाग आहे. मी घाबरून रडायला लागलो. काका मला इथं घेऊन आले. म्हणाले, हे बघ, यांनाही फुफ्फुसंच म्हणतात, यांच्यावर तर किती डाग! बर्फाखाली राहतात, तरी सगळ्यात आधी फुलतात. तेव्हापासून आम्ही डागच म्हणतो. दुसरा शब्द मला माहीतच नाही."

अक्षराची करंगळी आपोआप मिटली. ती उठली, मेपलखाली गेली. मुठी उघडल्या होत्या. नवी पानं, रुंद, ताजी, आणि प्रत्येकावर चांदीचे शिंतोडे, सावलीत कुणी दिवे लावल्यासारखे.

"ठिपके," ती म्हणाली.

"काय?"

"दुसरा शब्द. डाग नाही, ठिपके."

"ठिपके." त्यानं शब्द तोंडात घोळवून बघितला. "हरणाला असतात ते?"

"हो. हरणाला कुणी रोगट म्हणतं का?"

"ठिपके," तो पुन्हा म्हणाला. पण बघत पानांकडे नव्हता.

तिनं नजर काढून घेतली. टेस्टरचं डोकं, गप्प बसेना. "एक सांगा. चारच ठोंब न्यायचे होते, तर एकेक का? एकदम का नाही नेले?"

"एकदम काढले तर बाकीच्या मुळांना शॉक बसतो," तो चटकन म्हणाला. आणि त्याचे कान लाल झाले.

अक्षरानं ते पाहिलं. वहीत लिहायला हवं होतं. पण वही खाली बेसमेंटमध्ये होती, आणि ऊन पानांतून झिरपत नेमकं त्याच्या मनगटावर पडलं होतं.

तो चौथा ठोंब खणायला बसला. खुरपं चुकीच्या कोनात, मुळं तुटतील असं.

"दे इकडे ते," ती म्हणाली. "तुला धरतासुद्धा येत नाही."

त्याचा हात थांबला. "तू म्हणालीस. मला."

"चुकून."

"पुन्हा चूक ना."

तिनं खुरपं घेतलं. बोटांना बोटं लागली, माती दोघांच्या मधे. ठोंब अख्खा निघाला, एकही मूळ न तुटता. त्यानं डबा पुढे धरला, पण तिनं ठेवल्यावर तो तिच्याच हातात दिला.

"हा काकूंचा चौथा. फोन करून मागून घेतलाय मी, कालच. तुझा."

"मी कुठे लावू? पुढच्या वसंतात मला परत बेसमेंट शोधायचंय. तिथं सावली तेवढी भरपूर असते."

"माझी बाल्कनी नॉर्थ फेसिंग आहे," शौनक म्हणाला. शब्द जुळवत, एकेक, तिसरीतल्या मुलासारखा. "दिवसभर सावली. तीन आधीच आहेत तिथं, ऑगस्टपर्यंत. मग रिकामी होईल. म्हणजे... मला ती रिकामी व्हायला नकोय."

अक्षरानं डब्यातल्या पानाकडे पाहिलं. ठिपक्यांकडे.

"हे झाडाबद्दल चाललंय ना?"

"झाडाबद्दल... पण."

"पाणी कोण घालणार?"

"एक दिवसाआड मी. एक दिवसाआड तू."

"म्हणजे रोज होईल. मुळं कुजतील."

"मग शनिवारी फक्त चहा."

ती हसली. मग मातीनं भरलेली दोन बोटं, पहिलं आणि मधलं, एकमेकांना चिकटवून तिनं त्याच्यापुढे धरली. त्यानं आपली दोन बोटं त्यांच्यावर टेकवली, आणि बराच वेळ काढलीच नाहीत.

*

संप ३१ जुलैला मिटला. पिशवी ऑगस्टच्या पहिल्या फेरीत गेली. दोघांनी मिळून, नाक दाबून, रस्त्यापर्यंत नेली.

*

चारही ठोंब एकाच सकाळी, ६ जूनला, काढून न्यायला काकूंनी शौनकला सांगितलं होतं, आणि त्या दिवशी त्याच्या गाडीत चार डबे होते.